ढगांआडचं दिसतं, पण कोणाला?

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. नासा आणि इस्रो या नावांतली अक्षरं जुळवून हे नाव झालं आहे; आपल्याकडच्या निसारचाचांशी त्याचा संबंध नाही. मला त्या तारखेने माळीण आठवलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी ते गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली.

कॅमेऱ्याचा उपग्रह उजेडावर चालतो. पावसाळ्यात सह्याद्री ढगांत असतो, म्हणजे बघायची गरज असते नेमका तेव्हाच तो आंधळा. रडार स्वतः लहरी सोडतं आणि जमिनीवरून परतणाऱ्या लहरी टिपतं. रात्र असो वा ढग, त्याचं काम अडत नाही. निसारवर अशी दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लहर सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची, झाडांच्या पानांतून खाली पोचणारी. 12 दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वाटेवर येतो. दोन फेऱ्यांची नोंद ताडून पाहिली की जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी कळतं.

अतिवृष्टीत एका रात्रीत कोसळणारी दरड यातून आधी कळेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 12 दिवसांचं अंतर त्याला फार मोठं आहे. पण हळूहळू सरकणारा उतार सापडतो, आणि दरडप्रवण गावांची यादी तपासून घेता येते. 19 जुलै 2023 च्या रात्री गाडली गेलेली ठाकरांची इर्शाळवाडी त्या यादीत नव्हतीच.

माझी शंका यंत्राबद्दल नाही. जानेवारी 2023 मध्ये इस्रोच्या केंद्राने उपग्रहाच्या आधारे जोशीमठ 12 दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचल्याचं सांगितलं. लगेच तो अहवाल संकेतस्थळावरून काढला गेला आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना माध्यमांशी बोलू नका असं बजावलं. कारण काय, तर लोकांत गोंधळ होतो. ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते त्यांच्यापासून काय लपवायचं होतं?

निसारची माहिती सर्वांना मोफत खुली ठेवायचं ठरलं आहे, हे चांगलंच. पण ती उलगडायला शिक्षण आणि संगणक लागतो. वाडीवर दोन्ही नाही. जिल्हा प्रशासनाने सरकत्या उतारांचे नकाशे मराठीत करून ग्रामसभेत दाखवावेत, तेही मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी.