सावली काळी नसते

फळांची चित्रं म्हणजे भरल्या पोटाचा चाळा, असं आपल्या चळवळीतले काही दोस्त बोलतात. आपल्याला पोस्टर पाहिजे, मूठ पाहिजे, निळा झेंडा पाहिजे. टेबलावरची सफरचंदं घेऊन काय करायचंय? मला हे मान्य नाही. पोस्टर पाहिजेच. पण तैलरंग आणि फळ प्रस्थापितांच्या दिवाणखान्याला आंदण देऊन टाका, असं आपल्याला सांगितलं कुणी?

तैलरंगातलं तेल कशाचं? बहुतेक जवसाचं. आपल्या मराठवाड्यात रब्बीला जवस पेरतात, बाया त्याची चटणी कुटतात. तेच तेल रंगाच्या पुडीत खलतात. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून चित्रकाराला ओल्या रंगात रंग मिसळायला सवड मिळते. वाळल्यावर वर पातळ पारदर्शक थर चढवला, की उजेड आत शिरतो नि खालच्या थरावरनं परत येतो. चित्रातल्या द्राक्षाच्या मण्यात उजेड साठल्यागत दिसतो, तो असा. गेरू, पिवडी, काजळी हे रंग तर आपल्या भिंतींना पहिल्यापासनं माहीत आहेत. यात परकं काय आहे?

आता उजेडाचं. एका खिडकीतनं उजेड आला की फळाच्या एका अंगाला चकाकी येते. ती चकाकी फळाच्या रंगाची नसते, उजेडाच्या रंगाची असते. बाहेर निळं आभाळ असेल तर निळसर, दिवा असेल तर पिवळट. मग फळाचा स्वतःचा रंग, मग सावली. गोम इथंच आहे. शिकाऊ पोरगं सावली म्हटलं की ट्यूबमधला काळा पिळतं, आणि फळ मरतं. नीट बघा, सावलीच्या कडेला खालच्या कापडाचा रंग उलटून आलेला असतो. मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात उजेड फक्त वरनं, हॅचमधनं पडतो. तिथं पांढऱ्या गोणीची अंधारी बाजूसुद्धा काळी नसते. गंजक्या पत्र्याची तांबूस झाक तिच्यावर असते. फ्रान्सच्या सेझाननं (१८३९–१९०६) सफरचंदांना गोलाई आणली ती गरम रंगाशेजारी थंड रंग ठेवून. काळ्याचा आधार त्याला फारसा लागला नाही.

पांढरपेशा साहित्यानं आपल्यावर हाच ट्यूबमधला काळा पिळलाय. वस्ती म्हटलं की अंधार, दैन्य, संपलं. आणि आपले कवी तरी काय करतात? तेही सरसकट काळोखच लिहितात. बघायचे कष्ट नकोत.

के. एच. आरा (१९१४–१९८५) हा माणूस आठवा. जन्म बोलारमचा, निजामाच्या राज्यातला. आपला जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात. पोरवयात मुंबईला पळाला, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबला, मोटारी धुतल्या. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. आणि रंगवलं काय? फुलं, फळं, भांडी, उघडी बाईची देहं. ह्याला भरल्या पोटाचा म्हणायची हिंमत आहे कुणाची?

भांडण फळाशी नाही. टेबल कुणाचं आणि त्यावर कुठलं फळ, ह्याच्याशी आहे. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला आपल्या वस्त्यांतली पोरंही बसतात. त्यांच्यापुढं नेहमीचं सफरचंद, केळी, मागं पडदा. का बरं? दिवाळीच्या आगेमागे बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं डालग्यात भरून बाया एस.टी. स्टँडवर बसतात. ते सीताफळ ठेवा की पुढ्यात! एकेका डोळ्याला वेगळी चकाकी, वेगळी सावली. पिकताना फटींत पिवळट-गुलाबी उमटतं, सालीवर पांढुरकी भुकटी, अंधाऱ्या बाजूला हिरव्यात जांभळं मिसळलेलं. ह्याच्यापुढं सफरचंद म्हणजे लई सोपं काम.

दोस्तहो, चित्रकला शिकणाऱ्या पोरांना एवढंच सांगा: काळी ट्यूब महिनाभर बाजूला ठेवा आणि डालग्यातलं एक फळ रोज बघा. उद्या पोस्टरवर मूठ काढाल, तेव्हा तिच्या सावलीतही रक्ताचा रंग दिसला पाहिजे.