गवंड्याची शाळा कोठे आहे?

आपल्या बडोद्यात कोणत्याही रस्त्याने जा, परांची बांधलेली एखादी इमारत दिसल्यावाचून राहत नाही. मजले वाढले, सिमेंटचा भाव वाढला, जागेची किंमत तर विचारूच नये. परंतु ज्या हातांनी भिंत उभी राहते, ते हात शिकविण्याची व्यवस्था काही वाढलेली दिसत नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर कोठे तयार होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक असते. गवंडी कोठे तयार होतो? हा प्रश्न मी अलीकडे अनेकांना विचारला. बहुतेकांनी हसून एकच उत्तर दिले : ‘नाक्यावर.’

उत्तर खोटे नाही. दाहोद, पंचमहाल, झाबुआ या भागांतून माणसे कामासाठी शहरात येतात आणि सकाळी कडियानाक्यावर उभी राहतात. त्यांतला नवखा पोरगा प्रथम बिगारी होतो. विटा वाहणे, माल कालवणे, घमेली देणे, हेच त्याचे पहिले धडे. थापी आणि ओळंबा त्याच्या हाती केव्हा यावयाचा, हे त्याच्या कसबापेक्षा मिस्त्रीच्या मर्जीवर अधिक अवलंबून असते. बाईच्या डोक्यावरचे घमेले तर बहुधा जन्मभर उतरतच नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने बांधकामावरील स्त्रियांना गवंडीकाम शिकविण्याचा उद्योग केला, तो म्हणूनच विशेष मोलाचा वाटतो.

पाहून शिकणे वाईट, असे मी म्हणत नाही. आपल्याकडील सारी कारागिरी तशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण पाहून ‘कसे’ ते कळते, ‘का’ ते कळत नाही. खांबाच्या सळयांभोवती जी रिंग घालतात, तिची टोके १३५ अंशांत आत वळवावी लागतात. काटकोनात वळविली तर काम लवकर उरकते आणि दिसण्यात काही उणे राहत नाही. धरणी हलली म्हणजे मात्र तीच रिंग उघडते आणि खांब फुटतो. काँक्रीटवर पाणी मारण्याचेही तसेच. साध्या सिमेंटच्या कामाला निदान ७ दिवस ओल राखावी लागते. ज्याला कारण ठाऊक नाही, तो तिसऱ्या दिवशीच नळी गुंडाळून ठेवतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची धरणी हादरली, तेव्हा या ‘का’ची किंमत गुजरातेला मोजावी लागली. पुनर्बांधणीच्या वेळी गवंड्यांना मुद्दाम भूकंपरोधक बांधणी शिकविण्यात आली, ती या अनुभवामुळेच.

आणि हा विषय बडोदेकरांना नवा असण्याचे कारण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन उघडले. त्याची धुरा वाहणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेच्या सुतार ज्ञातीतले, रसायनशास्त्राचे पंडित. हाताचे कसब आणि शास्त्र यांची गाठ पडावी, आणि ती मुलाच्या स्वतःच्या भाषेत पडावी, हा त्यांचा आग्रह. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९४९ साली महाराजांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले व कलाभवनाचे रूपांतर तंत्रशास्त्र-अभियांत्रिकीच्या विद्याशाखेत झाले. संस्था मोठी झाली, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? पण जिन्याची वरची पायरी बांधताना खालची पायरी ढासळली, हेही नमूद केले पाहिजे. नकाशा काढणारा तेथे घडू लागला. नकाशाप्रमाणे भिंत बांधणारा नाक्यावरच राहिला.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० पासून कारागीर-प्रशिक्षणाची योजना आहे, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ मध्ये उमेदवारीचा कायदा झाला. २०१५ पासून अल्प मुदतीचे कौशल्यवर्ग व अनुभवी कारागिरांना प्रमाणपत्र देण्याची सोय आली. परंतु या संस्थांत मुलांचा ओढा वीजतंत्री आणि फिटरच्या वर्गांकडे. गवंडीकामाचे प्रमाणपत्र घेऊन कोणी कामावर गेलाच, तर ठेकेदार ते पाहतसुद्धा नाही. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला रोज सारखाच मिळणार असेल, तर वर्ष घालवून शिकावे कोणी?

ठेकेदारालाही दोष देऊन भागत नाही. मुख्य ठेकेदार काम पोटठेकेदाराला देतो, तो मुकादमाला, मुकादम नाक्यावरच्या मजुराला. आज शिकविलेला पोरगा उद्या चार पैसे अधिक मिळतात म्हणून दुसऱ्याच्या कामावर जाणार. मग शिकविण्याचा खर्च याने का सोसावा? जर्मनीत या अडचणीवर तोड काढली आहे. तेथे गवंड्याची उमेदवारी ३ वर्षांची. काही काळ कामावर, काही काळ शाळेत. बांधकामाच्या सर्व मालकांकडून वर्गणी घेऊन शिकविण्याच्या खर्चाला हातभार लावतात. एकट्यावर भार पडत नाही, म्हणून कोणी हात आखडत नाही.

आपल्याकडे पैसा नाही असेही नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर बसविला. ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली. हा पैसा मजुरांपर्यंत पोहोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कडक शब्दांत नापसंती दर्शविली होती. त्यातला काही भाग कामाच्या जागीच नवख्यांना शिकविण्यावर आणि शिकत असतानाची त्यांची मजुरी भरून देण्यावर खर्च झाला, तर त्याहून चांगला उपयोग कोणता?

आता आपल्या घरची गोष्ट. रावपुरा, दांडियाबाजार या भागांत अजून आपल्यापैकी कित्येकांचे जुने वाडे आहेत. भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा. ओल आली की आपण मिळेल त्या माणसाला बोलावतो आणि तो चुन्यावर सिमेंट थापून जातो. आतली ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा विटांसकट सुटतो. चुना भिजवून, मुरवून लावणारा कारागीर शोधूनही सापडत नाही, अशी आपली तक्रार असते. पण त्या कामाला कोणी नवा माणूस यावा असे आपण काय केले? आपल्या घरांतून मुले कचेरीत गेली, महाविद्यालयात गेली, परदेशी गेली. थापी धरणे हे आपले काम नव्हे, ही समजूत मात्र घरातच राहिली.

निदान दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. घर बांधावयाचे किंवा दुरुस्त करावयाचे असेल, तेव्हा ठेकेदाराला दराबरोबर त्याच्या गवंड्याच्या शिक्षणाविषयीही विचारावे आणि शिकलेल्याला चार पैसे अधिक द्यावेत. आणि कामावर एखादा नवखा पोरगा घमेले घेऊन उभा दिसला, तर मिस्त्रीला सांगावे की दिवसातून तासभर याच्या हाती ओळंबा द्या. त्या तासाचा रोज मालकाने भरावा. शेवटी ज्या भिंतीवर तो हात बसणार, ती आपलीच आहे.