उठाठेव : धनुष्याची टोकं बाहेर का वळतात?

मंडळी, दसऱ्याच्या कार्यक्रमात आपला राम दरवर्षी प्लॅस्टिकच्या पाइपचं धनुष्य घेऊन येतो. पाइप वाकवला, दोरी बांधली, सोनेरी कागद गुंडाळला, झालं धनुष्य! पण कॅलेंडरवरच्या रामाचं धनुष्य नीट पाहा. त्याची दोन्ही टोकं पुढे, लक्ष्याच्या बाजूला वळलेली असतात. का, असं मुलांनी विचारलं की घरोघरचं ठरलेलं उत्तर, "शोभेसाठी रे, बाळा." हे उत्तर काही आम्हाला पटत नाही. त्या वळणात फार मोठी कारागिरी दडलेली आहे. म्हणून या वेळची उठाठेव त्या टोकांची.

आधी धनुष्य कशाचं, ते पाहू. कौटिल्यानं अर्थशास्त्रात ताड, बांबू आणि लाकूड यांच्या जोडीला शिंगाचं धनुष्यही सांगितलं आहे. त्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, त्यावरून शार्ङ्ग. आणि ते धरणारा विष्णू तो शार्ङ्गधर. आशियातल्या पट्टीच्या कारागिरांनी मात्र नुसत्या शिंगावर भागवलं नाही. मध्ये लाकडाची पट्टी, तिरंदाजाकडच्या अंगाला म्हशीचं शिंग, लक्ष्याकडच्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात, म्हणून धनुष्य आखूड असूनही मोडल्याशिवाय खूप वाकतं. दोरी उतरवली की ते चक्क उलट्या बाजूला वळतं, म्हणजे दोरी चढवतानाच त्यात पुष्कळ जोर भरलेला असतो. वैरी एकच, ओलावा. कोकणातल्या पावसात त्यानं दोन नक्षत्रं तरी काढली असती की नाही, आम्हाला शंकाच आहे.

आता टोकांकडे येऊ. धनुष्याच्या मुठीपासून दोन्हीकडे जाणारे बाहू वाकतात, पण शेवटचा तुकडा मुद्दाम ताठ ठेवलेला असतो. त्याला 'सिया' हा अरबी शब्द जाणकारांत रुळला आहे. हा तुकडा स्वतः वाकत नाही, तो तरफेचं काम करतो. गंजलेला नट सुटेना की आपण पान्याच्या दांड्यात लांब नळी घालतो ना, तेच हे. दोरी ओढायला लागलं की सुरुवातीला जोर चटकन वाढतो, पण जसजशी दोरी मागे येते तसतशी पुढे झुकलेली टोकं उभी होत जातात आणि तरफ लांब होते. त्यामुळे शेवटच्या वीतभरात, जिथे साधं आखूड धनुष्य हाताला एकदम जड लागतं, तिथे हे सावकाश वाढतं. म्हणजे शेवटी हातावर येणारं ओझं तेवढंच, पण धनुष्यात साठलेली शक्ती जास्त.

मग टोकं चांगली हातभर लांब का केली नाहीत? इथे खरी गंमत आहे. बाण सोडला की धनुष्याचा सगळ्यात वेगानं धावणारा भाग म्हणजे टोक. साठलेल्या शक्तीतला काही वाटा ते टोकच पळवण्यात जातो, आणि तो वाटा बाणाला मिळत नाही. मुठीजवळ चार ग्रॅम वाढले तर कोणी विचारत नाही, टोकाशी वाढले तर बाणाचा वेग घटतो. क्रिकेट खेळलेल्यांना हे समजवायला नको. दोन बॅटींचं वजन एकच असेल, पण जिचं वजन खाली तळाशी, ती फिरवायला जड जाते.

ऑटोमन तुर्कांचं वेड होतं लांब पल्ल्याचं. इस्तंबूलला ओकमेयदान नावाचं मैदान आहे, तिथे विक्रमी बाण पडला त्या जागी दगडी खांब उभारत. त्यांचे बाण हलके, म्हणून धनुष्यं आखूड आणि टोकं छोटी, निमुळती. 1790 च्या दशकात लंडनमध्ये तुर्की वकिलातीतल्या महमूद एफेंदींनी अशा धनुष्यानं 480 यार्डांपलीकडे बाण मारला, तेव्हा लांब लाकडी धनुष्यं वापरणारे इंग्रज तिरंदाज थक्क झाले.

चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंनी नेमकं उलट केलं. त्यांचं धनुष्य माणसाएवढं उंच, टोकं लांब आणि जाड, आणि टोकाच्या मुळाशी दोरी टेकायला छोटासा पूल. ही टोकं हलक्या बाणाला काही कामाची नाहीत. पण मांचूंचे बाण मीटरभर लांब आणि वजनदार. बाण जड असला की टोकाच्या वजनानं खाल्लेला वाटा त्या मानानं किरकोळ ठरतो, आणि लांब तरफेचा फायदा पुरेपूर बाणाच्या पदरात पडतो. चीनमधल्या लष्करी परीक्षांत धनुर्विद्या 1901 पर्यंत होती.

तेव्हा कुठलं धनुष्य सरस, या वादात आम्हाला तरी रस नाही. बाण किती जड आणि मारायचा कुठे, हे आधी सांगा, मग बोलू. 1934 साली शिकागोचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी तुर्की धनुष्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी या गोष्टी तराजू आणि मोजपट्टी घेऊन तपासल्या आहेत.

शिंगाची टोकं गेली, पण त्यांचं काम राहिलं. 1966 साली मिसूरीच्या होलिस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याच्या टोकांना चाकं बसवून पेटंटसाठी अर्ज केला, 1969 ला ते मिळालं. तेच आजचं कंपाउंड धनुष्य. त्यात शेवटी जोर नुसता मंदावत नाही, चक्क उतरतो, आणि तिरंदाजाला नेम धरायला उसंत मिळते. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात दोन्ही वैयक्तिक सुवर्णपदकं मराठी पोरांनी नेली, साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं. ओजसनं अंतिम सामन्यात 15 बाण मारले आणि 150 पैकी 150 गुण घेतले.