पुण्याची इराणी भिंत : शादलुई आणि बचावपटूंचा न लिहिला गेलेला इतिहास

१/ १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून प्रो कबड्डीचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्या सामन्यातील कोणता क्षण स्मरणात आहे, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठी पंकज मोहितेची चार गुणांची चढाई येते. ती होतीच तशी. परंतु ज्या संघाने अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला पंचविसावर रोखले, त्या संघाचा इतिहास केवळ एका चढाईने कसा सांगता येईल?

२/ त्या संपूर्ण हंगामात पकडींचे सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू पुण्याचाच होता. गुण ९९. नाव मोहम्मदरझा शादलुई, देश इराण, जागा डावा कोपरा.

३/ कोपरारक्षकाचे काम थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. चढाईपटू जातो तो एकटा आणि सर्वांच्या नजरेसमोर. चुकला तर स्वतः बाद होतो, परंतु त्याच्या तीस सेकंदांत पुढाकार त्याचाच असतो. कोपऱ्यातील बचावपटूला मात्र वाट पाहावी लागते. बोनस रेषेकडे पाऊल सरकते तो निमिषार्ध साधून घोटा पकडायचा, पट काढायचा किंवा धडक देऊन मैदानाबाहेर लोटायचे. अंदाज क्षणभर चुकला, तर चढाईपटू त्यालाच नव्हे, मदतीला धावलेल्या साथीदारांनाही बाद करून मध्यरेषा गाठतो. म्हणजे बचावपटूच्या धाडसाची किंमत अख्खा संघ मोजतो. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या पकडीला (‘अव्वल पकड’) दोन गुण मिळतात, ते उगीच नव्हे.

४/ शादलुई प्रकाशात आला तो पाटणा पायरेट्सकडून. आठव्या हंगामात त्याने ८९ गुणांच्या पकडी केल्या. पाटणा अंतिम फेरीत दबंग दिल्लीकडून ३६-३७ असा अवघ्या एका गुणाने हरला.

५/ आता पुण्याकडे वळू. डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे नवव्या हंगामात, पलटणने मुंबईत अंतिम सामना खेळला आणि जयपूरकडून २९-३३ असा गमावला. तेव्हाचा कर्णधारही इराणीच, बचावपटू फझल अत्राचली. पुण्याचा बचाव इराणकडे सोपवण्याची प्रथा शादलुईपासून सुरू झालेली नाही.

६/ ७ ऑक्टोबर २०२३, हांगझाऊ आशियाई क्रीडा स्पर्धा. अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर. अखेरच्या मिनिटांतील एका चढाईवरून नियमाचा वाद पेटला, खेळ दीर्घकाळ थांबला आणि अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. इराणच्या संघात शादलुई होता. भारताच्या संघात टाकळीभानचा (जिल्हा अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर) अस्लम इनामदार होता. दोन-तीन दिवसांतच मुंबईत लिलाव झाला आणि पुण्याने शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपये मोजून घेतले. तोवर कोणत्याही परदेशी खेळाडूवर एवढी बोली लागलेली नव्हती. त्याचा पुण्यातील कर्णधार कोण? अस्लम इनामदार!

७/ येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : हा तर भाडोत्री खेळाडू, पुण्याच्या विजयात पुण्याचे ते काय? इतिहासाच्या वाचकाला हा सूर परिचित असावा. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांसाठी लढून, पकडला जाऊन प्राणास मुकला. रणांगण आणि मॅट यांची तुलना फार ताणू नये. मुद्दा इतकाच की पगार घेणे आणि निष्ठेने लढणे यांत विरोध असतो, हे गृहीतक पुण्याच्या इतिहासातच टिकत नाही. (शिवाय ‘पलटण’ हा शब्दही परदेशी लष्करी परिभाषेतूनच मराठीत रुळलेला आहे!)

८/ आणि ‘परका’ तरी किती? इराणमध्ये दम धरून खेळण्याचा ‘झू’ नावाचा पारंपरिक खेळ आहे. २०१८ साली जकार्ता येथे इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला हरवून सुवर्णपदक पटकावले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्याच स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत भारताचा २७-१८ असा पराभव केला, आणि १९९० पासून भारताबाहेर न गेलेले सुवर्णपदक गेले. विद्या महाराष्ट्रातून तेहरानला जाते, तेहरानहून बालेवाडीला येते. या व्यवहारात ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी रेघ नेमकी कोठे ओढायची?

९/ खरी हानी निराळी आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि प्रत्येक पकड मोजली जाऊ लागली. शादलुईचे ९९ गुण आपल्याला ठाऊक आहेत ते त्यामुळेच. त्यापूर्वी मातीवर आयुष्य घालवलेल्या मराठी बचावपटूंचे काय? त्यांच्या नावामागे ‘उत्कृष्ट पकड’ असे कोरलेला एखादा चषक उरतो, एखाद्या बातमीतील अर्धी ओळ उरते. किती पकडी, कोणाच्या, कोणत्या क्षणी, हे सांगणारे साधन नाही. चढाईपटूची आख्यायिका होते, कारण तिला एक नायक पुरतो. पकड ही साखळीची असते आणि आख्यायिकेला साखळी आवडत नाही. ज्यांनी ते सामने पाहिले, ती पिढी आज वयोवृद्ध आहे. मंडळांच्या जुन्या गुणपत्रिका माळ्यावर आहेत की रद्दीत गेल्या, हे तपासणे हे कबड्डीच्या अभ्यासकाचे आजचे पहिले काम आहे. गडकोटांचे मोजमाप करणाऱ्या तरुण मंडळींनी एखादा उन्हाळा तालमींसाठीही द्यावा.

१०/ शादलुईची पुण्यातील कारकीर्द एका हंगामाची ठरली. विजेतेपदानंतर संघाने त्याला मोकळे केले आणि ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. ज्या संघाला हरवून त्याने पुण्यासाठी चषक जिंकला होता, तोच संघ. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीत झाला. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पलटण बाद फेरीतही पोहोचली नव्हती. सलग दुसऱ्या वर्षी चषक उंचावणारा शादलुई त्या दिवशी पुण्यात होता, फक्त पुण्याचा नव्हता.