उतारवयांत नवी साखळी-करवत

ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबा, नारळ व पोफळी यांच्या बागा आडव्या केल्या. त्या वेळीं रस्ते व अंगणें मोकळीं करण्याच्या कामीं साखळीच्या करवतीचा फार उपयोग झाला. पूर्वीं वाडींत झाड पडलें कीं कुऱ्हाडीचे घाव ऐकूं येत. आतां ही यंत्राची घरघर ऐकूं येते. लोक तिला नुसतें 'मशीन' म्हणतात.

आमच्या शेजारच्या वाडींत एक लाकूडतोडे गृहस्थ आहेत. वय पासष्ट. त्यांनीं मशीन घेण्याची गोष्ट काढली तेव्हां मुलानें साफ नकार दिला, म्हणाला, "बाबा, आतां बसून खा." ते आमच्याकडे आले. "मास्तर, बसून खाल्लेलें पचत नाहीं, आणि कुऱ्हाड खांद्याला झेपत नाहीं. मशीन घेऊं कीं नको, तेवढें सांगा." मुलाचें भय खोटें नव्हतें आणि बापाचें म्हणणेंही खोटें नव्हतें. हातांतलें काम गेलें कीं कर्ता पुरुष घरांत पाहुणा होतो, हें आम्हां पेन्शनरांस कोणी शिकवावयास नको. कुऱ्हाड खालीं ठेवण्यास राजी नसलेला असा एखादा वडीलधारा वाचकांच्या घरींही असेल. म्हणून जाणत्यांस विचारून आम्हीं जें त्यांस सांगितलें तें येथें देतों.

प्रथम थोडें आडरानांत शिरतों. 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' ह्यापासून आला. अमरकोशांत त्याच्या जोडीस 'क्रकच' असाही शब्द आहे. मौज अशी कीं, साखळीची करवत प्रथम निघाली ती झाडासाठीं नव्हे, हाडासाठीं. बर्नहार्ड हाइने नांवाच्या जर्मन वैद्यानें १८३० च्या सुमारास हाड कापण्याकरितां दांतेरी साखळीचें हत्यार बनविलें. पुढें १९४६ सालीं अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत जोसेफ कॉक्स ह्या लाकूडतोड्यानें एका ओंडक्यांत भुंग्याची अळी पाहिली. ती डावीउजवीकडे जबडे चालवून लाकूड आडवें-उभें सारखेंच पोखरीत होती. त्यावरून त्यानें साखळीच्या दांतांस वळण दिलें. आजच्या साखळ्या त्याच वंशांतल्या. किड्यास गुरु करणाऱ्या ह्या गृहस्थाविषयीं आम्हांस मोठा आदर वाटतो.

आतां निवड. दुकानांत गेल्यावर डोळा मोठ्या पात्यावर जातो, आणि दुकानदारही तेंच पुढें करतो. उतारवयांत हा मोह टाळावा. घरगुती व बागेच्या कामास ३५ ते ४५ घनसेंटिमीटरचें एंजिन व १४ इंची पातें पुष्कळ झालें. पत्रकांत वजन दिलेलें असतें तें बहुधा पातें, साखळी व इंधन वगळून. साडेचार किलोचें म्हणून घेतलेलें यंत्र प्रत्यक्षांत सहाच्या घरांत जातें. म्हणून सगळें चढवून, टाक्या भरून, कमरेच्या उंचीवर पांच मिनिटें धरून पाहावें. हात थरथरला तर तें आपलें नव्हे. सुरू करण्याची दोरीही स्वतः ओढून पाहावी. ज्याचा खांदा धरला आहे त्यानें बॅटरीच्या यंत्राचा अवश्य विचार करावा. त्यास दोरी नाहीं, हादरे व आवाज कमी. दिवसभर बुंधे कापावयाचे असतील तर मात्र तें पुरें पडत नाहीं. हादऱ्यांनीं बोटांतील रक्तवाहिन्या आखडतात, बोटें पांढरीं व बधिर पडतात. ह्या विकारास वृद्धांनीं जपावें. छातींत पेसमेकर बसविलेला असेल तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय यंत्रास हातच लावूं नये. आमच्या गृहस्थांनीं दोन दिवस खळखळ करून १४ इंचीच घेतलें. एकट्यानें रानांत जावयाचें नाहीं, ही मुलाची अट त्यांनीं मान्य केली. दुपारीं निजण्याची अट अद्याप वादग्रस्त आहे.

वापरांतला सर्वांत मोठा धोका म्हणजे उसळी. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास टेकला कीं यंत्र क्षणांत तोंडाकडे उलटतें. तेथें तरुणाची चपळाईही पुरत नाहीं, मग आपली काय कथा? डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीभोंवतीं पक्का वळवावा, दोन्ही हातांनींच धरावें, खांद्याच्या वर उचलूं नये आणि शिडीवर तर चढूंच नये. पुढची ढाल हीच साखळीचा ब्रेक होय. तो नीट लागतो कीं नाहीं हें रोज काम सुरू करण्यापूर्वीं पाहावें. डोळ्यांवर जाळी, कानांवर झांकण, पायांत बूट हवेत. धोतर किंवा लोंबतें उपरणें नको.

पेट्रोलांत टू-स्ट्रोकचें तेल मिसळावें लागतें. पुष्कळ यंत्रांस लिटरास २० मिलिलिटर हें प्रमाण असतें. तरी पुस्तिकेंत असेल तेंच खरें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें व तें पाणी ओढून घेतें. म्हणून महिन्याभराचा सांठा करूं नये.

धारेची खूण सोपी आहे. साखळी धारदार असेल तोंवर ढलपे पडतात. पिठासारखा भुसा पडूं लागला कीं थांबावें, गोल कानस घ्यावी आणि प्रत्येक दांतावर सारखेच हात फिरवावे. बोथट साखळी माणसास जोर करावयास लावते, आणि अपघात बहुधा त्या जोरांत होतो. ह्या कामांत म्हातारा तरुणास हार जात नाहीं. ज्यानें चाळीस वर्षें कुऱ्हाड परजली त्याच्या हातास कोन सांगावा लागत नाहीं.

दुसरेंही एक ज्ञान वयाबरोबरच येतें. वादळानें पडलेला बुंधा वांकलेल्या धनुष्यासारखा असतो. एक बाजू दबलेली, दुसरी ताणलेली. आधीं दबलेल्या बाजूस थोडी खांच घ्यावी, मग ताणलेल्या बाजूनें कापावें. उलट केल्यास पातें अडकतें किंवा लाकूड उसळून अंगावर येतें. खोड तोडतांच मुळांचा गड्डा उठून पुन्हां उभा राहतो, हेंही विसरूं नये. मुलें तेथें कदापि खेळूं नयेत. उभें झाड पाडतांना घरच्या सर्वांनीं त्याच्या दुप्पट उंचीइतकें दूर राहावें. आणि काम करवून घेणाऱ्या यजमानानें ओट्यावरून "झालें का?" असें दर घटकेस विचारूं नये. घाई बहुतकरून तेथूनच सुरू होते.

महाराष्ट्रांत १९६४ च्या कायद्यान्वयें आंबा, फणस, साग इत्यादि झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी तोडण्यास परवानगी लागते. वादळांत बाग पडली असेल तर पंचनामा होण्यापूर्वीं ओंडके करूं नयेत. तलाठ्यास दाखवावयास झाडच उरत नाहीं.