पासिंगपुरते टायर

गेल्या हिवाळ्यात मामूंच्या मुलाचा इंग्लंडहून फोन आला. ‘बाजी, गाडी नापास झाली,’ एवढं बोलून तो गप्प बसला. मी शिक्षिका. नापास झालेल्या मुलाची समजूत काढायची मला सवय आहे, पण नापास झालेल्या गाडीसाठी काय बोलावं, ते सुचेना.

गाडी होती टोयोटा एस्टिमा, पंधरा वर्षांची, जपानहून जहाजाने आलेली. घरात तीन मुलं, शिवाय अम्मी-अब्बा, म्हणून त्याला आठ जणांची गाडी हवी होती आणि नवी परवडणारी नव्हती. जपानमध्येही वाहतूक रस्त्याच्या डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या ब्रिटनमध्ये चालतात. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. ती महाग असल्यामुळे बरेच मालक चांगल्या चालणाऱ्या गाड्याही विकून टाकतात. (आपल्याकडे मात्र तीन वर्षांहून जुनी गाडी अशी आणता येत नाही.)

ब्रिटनमध्ये गाडी पोहोचली की चौदा दिवसांत करखात्याला कळवावं लागतं. दहा वर्षांहून जुन्या गाडीला नव्या गाडीसारखी मोठी मंजुरी लागत नाही, पण ‘एमओटी’ ही सुरक्षा तपासणी पास झाल्याशिवाय नंबर मिळत नाही. नंबर नसतो म्हणून चासी नंबरावरच तपासणी होते. १९६० साली ही पद्धत सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांसाठी होती. १९६७ पासून तीन वर्षांनंतरच्या गाडीला दरवर्षी ती द्यावी लागते.

भावाची गाडी तीन कारणांनी अडली. पहिलं, मागचा धुक्याचा दिवा. ब्रिटनमध्ये तो सक्तीचा, जपानमध्ये नाही. दुसरं, एका टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली होती. तिसरं कारण गंभीर होतं. गाडी जपानच्या बर्फाळ भागात फिरलेली निघाली आणि मागच्या सीटबेल्टच्या खिळणीजवळ पत्रा गंजला होता. बेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे पत्र्याला जोडलेलं असतं, तिथून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. वरून लांबी भरून रंग मारलेला चालत नाही. नवा पत्रा सलग वेल्डिंग करून लावावा लागतो.

भाऊ वैतागला होता. म्हणाला, ‘आपल्या गावात असतो तर चहाच्या कपावर काम झालं असतं.’

मी हसले, पण फोन ठेवल्यावर ते हसणं मलाच टोचलं. कारण त्याच्या तीनच महिने आधी आमच्या शाळेच्या मुलांना आणणाऱ्या व्हॅनचं पासिंग झालं होतं. चाचा (मुलं त्यांना चाचाच म्हणतात) आदल्या संध्याकाळी मेहुण्याच्या गाडीचे चार चांगले टायर लावून आले. अग्निशामक नळकांडं शेजारच्या व्हॅनमधून घेतलं. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली आणि तिसऱ्या दिवशी टायर ज्याचे त्याला परत गेले. हे सगळं मला ठाऊक होतं. शाळेच्या परिवहन समितीच्या कागदावर माझी सही आहे, आणि ती मी व्हॅनकडे न बघता केली.

आपल्याकडे कायदा नाही, असं कुणी म्हणू नये. प्रवासी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करूनच पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते. शाळेच्या बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून वेगळे नियम आहेत आणि परिवहन समिती त्याच नियमांतून आली. आता यंत्रावर ब्रेक तपासणारी केंद्रंही सुरू होत आहेत. पण उसने टायर यंत्रावरही पास होतील. यंत्र त्या दिवशीची गाडी बघतं. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपणच बघायचे असतात.

ब्रिटनची माणसं फरिश्ते आहेत, असं मी म्हणत नाही. तिथेही गाडी न बघता दाखले देणारे सापडतात आणि त्यांचे परवाने जातात. पण त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. पहिली म्हणजे दोषांची प्रतवारी. धोकादायक, मोठा, किरकोळ असे भाग पाडून प्रत्येक दोष साध्या शब्दांत लिहून देतात, आणि आज चालेल पण लक्ष ठेवा, अशा गोष्टीही कागदावर येतात. गाडी दुरुस्तीला तिथेच ठेवली तर दहा कामकाजाच्या दिवसांत अर्धवट फेरतपासणी फुकट होते. त्यामुळे नापास होणं म्हणजे बेइज्जती राहत नाही, कामाची यादी होते. दुसरी म्हणजे उघडेपणा. गाडीचा नंबर टाकला की तिच्या तपासण्यांचा इतिहास कुणालाही इंटरनेटवर बघता येतो. आमच्या व्हॅनचा असा इतिहास पालकांना दिसला असता, तर चाचांना टायर उसने आणायची हिंमत झाली नसती आणि मलाही सहीची घाई झाली नसती.

‘गरिबाच्या पोटावर पाय देता,’ असं चाचा मला म्हणाले. ते खोटं नाही. महिन्याच्या फीमधून डिझेल आणि हप्ता सुटला की हातात फार उरत नाही. पण त्या व्हॅनमध्ये बसणारी पोरंही गरिबांचीच आहेत. श्रीमंताचं मूल घरच्या गाडीतून येतं. घाटातल्या पावसात गुळगुळीत टायर घसरला, तर तो कुणाची परिस्थिती विचारणार नाही.

मी वर्गात मुलांना शब्दांची कुळं सांगते. ‘शिक्का’ हा शब्द अरबीतून आला. नाणं पाडायच्या ठशाला ‘सिक्का’ म्हणत. ठसा खरा असला तरी धातू हलका असेल तर ते नाणं खोटंच. आमच्या व्हॅनच्या दाखल्यावरचा शिक्का खरा होता, टायर खोटे होते, आणि माझी सही त्या दोन्हींच्या शेजारी होती.

पालकसभेत मी हे सगळं सांगितलं. आधी थोडी आरडाओरड झाली. मग ठरलं की दोन टायरचे पैसे पालकांनी बिशीतून आगाऊ द्यायचे आणि चाचांनी ते फीमधून फेडायचे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी समितीतल्या दोघांनी टायर, ब्रेक, दिवे, दरवाजाची कडी आणि नळकांड्याची तारीख बघून वहीत लिहायचं. वही शाळेच्या दारात टांगलेली असते. कुणीही वाचावी.

भावाची गाडी नवा पत्रा लावून दुसऱ्या खेपेला पास झाली. खर्च झाला म्हणून तो अजून कुरकुरतो. मी त्याला म्हटलं, मागच्या सीटवर तुझीच मुलं बसतात ना? मग ज्या माणसाने गाडी नापास केली, त्याला एकदा चहा पाज.