मधल्या फळीचा हक्क

शिरड शहापुरात वृत्तपत्रांतून फुटबॉल वाचणाऱ्या आम्हांस गोल करणाऱ्याचे नाव तत्काळ कळते. परंतु गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज, जो चर्चिल ब्रदर्स, बेंगळुरू एफसी, एफसी गोवा अशा संघांतून करारनाम्यागणिक बिऱ्हाड हलवीत खेळला आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्लॅन मार्टिन्सच्या बदल्यात एटीके मोहन बागानकडे रवाना झाला, त्याची दप्तरी नोंद क्वचितच होते. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिरावून, मान वळवून, तो मोकळ्या सहकाऱ्याकडे सरकविणे हे त्याचे अबोल कर्तव्य. २०१९-२०च्या साखळीत अग्रस्थान पटकावून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीस पात्र ठरलेल्या पहिल्या भारतीय संघाच्या, म्हणजे एफसी गोव्याच्या, मधल्या फळीत तोच होता. क्रीडासंपादकांनी गोलांच्या यादीखाली चेंडू परत मिळविणाऱ्यांचीही नावे छापावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.